मेंटल हेल्थ नर्सिंगला जायचंय? पहिल्या दाखल्यापासून वॉर्डातल्या पहिल्या दिवसापर्यंत

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून एसटीने पाऊण तासावर. गावात कोणाची झोप उडाली, कोणी एकटंच बडबडायला लागलं, की पहिला शब्द निघतो, "बाहेरचं झालं." मग अंगारा, मग भगत, मग पलीकडच्या गावचा त्याहून मोठा भगत. दवाखान्याचं नाव निघेपर्यंत एखाद्या घरातली बैलजोडी विकलेली असते. माझ्या मोठ्या काकांचं हेच झालं. शेवटी त्यांना नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात नेलं, तेव्हा मी बारावीत होते आणि काकूसोबत गेले होते. तिथल्या सिस्टरने काकांचा कागद हातात घेण्याआधी काकूला बसवलं आणि विचारलं, "तुम्ही कधीपासून जेवल्या नाही?" तेव्हाच मी ठरवलं की मला हे काम करायचं.

ठरवलं खरं, पण वाट सांगणारं कोणी नव्हतं. बी.एस्सी. नर्सिंग, मग एक वर्ष नोकरी, मग मेंटल हेल्थ विषयात एम.एस्सी. नर्सिंग, असं करत मी पोचले. जिथे जिथे अडले त्या जागा इथे लिहिते. आपल्याकडची पोरं परीक्षेत कमी आणि कागदांत जास्त अडकतात, म्हणून कागदांवर जास्त लिहिलं आहे. तो भाग वगळून पुढे जाऊ नका.

१. आधी वाट नीट समजून घ्या

बारावीनंतर थेट 'मेंटल हेल्थ नर्सिंग'ची पदवी मिळत नाही. आधी सगळ्या प्रकारचं नर्सिंग शिकावं लागतं, विशेष विषय नंतर निवडता येतो. वाटा अशा आहेत:

• बारावी विज्ञान, मग चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग, एक वर्षाचा अनुभव आणि दोन वर्षांची एम.एस्सी. नर्सिंग. त्यात मेंटल हेल्थ ही शाखा निवडायची.
• बारावी, मग तीन वर्षांचं जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी), दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. आणि पुढे एम.एस्सी. कला शाखेची पोरंही या वाटेने येऊ शकतात.
• जीएनएम किंवा बी.एस्सी. नंतर मानसोपचार नर्सिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा. घरची जबाबदारी आहे आणि दोन वर्षं काढणं जमत नाही, अशांसाठी ही वाट चांगली आहे. तिला कमी लेखू नका.

एक घोटाळा दरवर्षी होतो. बी.ए. मानसशास्त्र करून कोणी नर्स होत नाही. मानसशास्त्रज्ञ वेगळा, औषध लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ वेगळा आणि आपण वेगळे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये 'मेंटल हेल्थ नर्स'ची व्याख्या दिली आहे. त्यानुसार नर्सिंगची मान्यताप्राप्त पदविका किंवा पदवी हवी आणि राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी हवी. नोंदणी नसेल तर तुमच्या शिक्षणाला कायद्यात जागा नाही, हे आजच डोक्यात पक्कं करा.

बी.एस्सी.च्या आताच्या अभ्यासक्रमात आठ सेमिस्टर असतात आणि मेंटल हेल्थ नर्सिंग पाचव्या आणि सहाव्या सेमिस्टरला येतं. तिथे पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातलं प्रत्यक्ष काम, झालं की हा विषय आपला आहे की नाही ते कळतं. तोवर निर्णयाची घाई नको.

२. बारावी आणि सीईटी

बी.एस्सी.साठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. खुल्या गटाला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून 45 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना 40. वय त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला 17 पूर्ण हवं.

महाराष्ट्रात प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून आणि त्यांच्या प्रवेश फेऱ्यांतून होतात. तारखा दरवर्षी बदलतात. गावातल्या ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजवर विसंबू नका, सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरची सूचना स्वतः वाचा. फॉर्म भरायला तालुक्याच्या नेट कॅफेत गेलात, तर मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. माझ्या मैत्रिणीच्या फॉर्मवर कॅफेवाल्याने घाईत आपला ईमेल टाकला. फेरीत तिला जागा लागल्याची सूचना त्याच्याकडे गेली आणि तिला कळेपर्यंत हजर व्हायची मुदत संपली होती.

३. कागद: अकरावीतच सुरुवात करा

माझं एक अख्खं वर्ष जात पडताळणीच्या एका कागदाने खाल्लं. गुण होते, यादीत नाव होतं, पण व्हॅलिडिटी हातात नव्हती आणि जागा गेली. आई त्या दिवशी काही बोलली नाही, फक्त माझ्या ताटात दुसरी भाकर वाढली. तुमच्या घरी ही वेळ येऊ नये.

जवळ काय काय हवं:

• दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला
• वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचं प्रमाणपत्र
• जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र
• ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) असाल तर नॉन क्रिमीलेअर
• आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज असेल तर त्याचं प्रमाणपत्र
• तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
• आधार आणि त्याला जोडलेलं बँक खातं
• मध्ये खंड पडला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
• वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला

आता यातला अवघड कागद. वैधतेसाठी घराण्याचा जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. म्हणजे तुमचा नाही, आजोबा-पणजोबांचा. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मागा. गेले नसतील, आणि बहुतेकांचे गेलेले नाहीत, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मिळते का बघा. आपल्या भागात जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी त्यात सापडतात.

मला माझ्या पणजोबांचं नाव तिथेच सापडलं. कडा झिजलेल्या पिवळ्या पानावर, फिकट शाईत. पण आडनाव लिहिलेलं नव्हतं. फक्त नाव, बापाचं नाव, जात आणि गाव. हे आमचेच पणजोबा, हे सांगायला वंशावळीचं शपथपत्र करावं लागलं आणि मोठ्या आत्याच्या घरातून तिच्या लग्नाआधीची कागदपत्रं शोधून आणावी लागली. म्हणून सांगते, नक्कल मिळाली म्हणजे काम झालं असं समजू नका. नावात काना-मात्रेचा फरक असला तरी शंका निघते. भावकीत कोणाची वैधता आधी झाली असेल तर तिची प्रत आधी मिळवा, अर्धं काम तिथेच होतं. भाऊबंदकीत जुनं भांडण असलं तरी या एका कामासाठी उंबरा ओलांडा.

अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी तपासणी समिती वेगळी असते. या समित्या ठरावीक शहरांतच आहेत. आपला जिल्हा कोणत्या समितीत येतो ते आधी विचारा, नाहीतर एका गावाचं भाडं वाया जातं.

नॉन क्रिमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते. प्रवेशाच्या वेळी चालू मुदतीचं प्रमाणपत्र लागतं. जुनं दाखवून 'चालून जाईल' असं सेतूवाला म्हणेल, पण तसं चालत नाही. सगळ्या कागदांचे साक्षांकित प्रतींचे तीन संच करा, मूळ कागद एका फाईलीत ठेवा आणि पावसाळ्यात ती प्लॅस्टिकच्या पिशवीतूनच न्या.

४. कॉलेज बघताना

बघायच्या गोष्टी तीन: महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची किंवा मान्य अभिमत विद्यापीठाची संलग्नता, भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता. तिन्ही संस्थांच्या याद्या संकेतस्थळावर असतात. त्या चालू वर्षाच्या आहेत ना ते बघा. 'मान्यता येणार आहे' हे उत्तर ऐकलं की नमस्कार करून निघा.

चौथी गोष्ट जाहिरातीत नसते, पण माझ्या मते तीच सगळ्यांत मोठी. मानसोपचाराचं पोस्टिंग कुठे होतं? वॉर्डात किती खाटा आहेत? नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, शिवाय मेडिकल आणि मेयो ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं. वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगीची वैद्यकीय महाविद्यालयं, आणि यवतमाळ-अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं. इमारत चकाचक आणि मानसोपचाराचे पेशंट मोजके, अशा कॉलेजात एम.एस्सी. केली तर पदवी हातात येईल, काम हातात येणार नाही. प्रवेशाआधी तिथल्या सीनियर मुलींना हॉस्टेलच्या गेटवर गाठा आणि विचारा. त्या खरं सांगतात.

एजंटांबद्दल. कापूस विकून घरात पैसा आला की हे लोक गावात येतात. "दुसऱ्या राज्यात सीट आहे, हजेरीची चिंता नको, परीक्षेला या फक्त." माझ्या ओळखीची एक मुलगी अशा जाळ्यात सापडली. तीन वर्षं आणि वडिलांनी सावकाराकडून उचललेले पैसे दोन्ही गेले, आणि आपल्या राज्यात नोंदणी होईना. ज्या कॉलेजात हजेरी लागत नाही, तिथे नर्सिंग शिकवलं जात नाही.

५. पैशाचं

शिष्यवृत्ती आणि फीमाफीचे अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचे. यातला सापळा असा की बहुतेक योजनांना केंद्रीय प्रवेश फेरीतूनच प्रवेश झालेला लागतो. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की फीमाफीवर पाणी सोडावं लागतं. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. तुमच्या कॉलेजला आणि कोर्सला ती लागू आहे का, ते पैसे भरण्याआधी कार्यालयात लेखी विचारा. हॉस्टेल आणि मेसचा खर्च मात्र वेगळा लागतोच.

६. पदवीनंतरचं ते एक वर्ष

एम.एस्सी.ला बी.एस्सी.मध्ये किमान 55 टक्के, नर्स आणि मिडवाइफ म्हणून नोंदणी, आणि बी.एस्सी. नंतरचा एक वर्षाचा अनुभव लागतो. पोस्ट बेसिक केलेल्यांना अनुभव आधीचा असला तरी चालतो.

निकाल लागला की आधी नोंदणी करा, मग नोकरी. मी पहिली नोकरी एका खाजगी दवाखान्यात केली. निघताना त्यांनी अनुभवाचा दाखला दिला, त्यावर 'सुमारे एक वर्ष काम केले' एवढंच होतं. रुजू झाल्याची तारीख नाही, सोडल्याची नाही, जावक क्रमांक नाही. तो दाखला नाकारला गेला आणि दुरुस्त करून घ्यायला मला पाच खेपा माराव्या लागल्या. तुम्ही पहिल्याच दिवशी नेमणूक पत्र मागा, पगार बँकेतून घ्या आणि दाखल्यावर दोन्ही तारखा, पद आणि दवाखान्याच्या खाटांची संख्या लिहून घ्या.

सरकारी नोकरीत असाल तर अर्ज करण्याआधी ना-हरकत प्रमाणपत्राच्या मागे लागा. ती फाईल हळू चालते.

७. एम.एस्सी.त काय असतं

पहिल्या वर्षी नर्सिंग शिक्षणशास्त्र, प्रगत नर्सिंग, संशोधन-संख्याशास्त्र आणि आपल्या विषयाचा पहिला भाग. दुसऱ्या वर्षी व्यवस्थापन, विषयाचा दुसरा भाग आणि प्रबंध. पुस्तकं इंग्रजीत आहेत. मराठी शाळेतून आलेल्यांनी पहिले दोन महिने रोज दहा शब्द वहीत लिहून त्यापुढे आपल्या बोलीतला अर्थ लिहावा. मी तेच केलं, आणि ती वही आजही माझ्याजवळ आहे.

कारण पेशंट पुस्तकी भाषेत बोलत नाही. आमच्या वॉर्डात एक शेतकरी होते, पन्नाशीचे. ते म्हणाले, "सिस्टर, मले काहीच गोड लागून नाही राह्यलं." माझ्या बॅचची मुलगी दुसऱ्या भागातली, हुशार. तिने केस शीटवर लिहिलं, 'जेवणाला चव नाही.' मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, "दादा, नातू आला तरी?" ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "नातू आला तरी." ही जेवणाची तक्रार नव्हती. कशातच आनंद न वाटणं हे उदासीनतेच्या आजाराचं मुख्य लक्षण असतं, आणि आपल्याकडे ते असंच सांगतात. 'जीव घाबरते', 'डोक्यात मुंग्या येते', 'मन लागत नाही' हे सगळं लक्षपूर्वक ऐका आणि पेशंटच्या शब्दांतच लिहा. तुमची वऱ्हाडी बोली या वॉर्डात सगळ्यांत कामाची आहे. तिची लाज धरू नका.

प्रोसेस रेकॉर्डिंग नावाचा एक प्रकार असतो. पेशंटशी झालेलं बोलणं शब्दाला शब्द लिहायचं, तुम्ही काय म्हणालात, ते काय म्हणाले, तेव्हा तुमच्या मनात काय आलं. मुलं ते रात्री हॉस्टेलवर मनाने रचून लिहितात. तसं करू नका. खरं लिहिलंत तर आपण किती वेळा पेशंटचं बोलणं तोडतो ते दिसतं. मी पहिल्या दहा मिनिटांत सात वेळा तोडलं होतं.

औषधांच्या दोन गोष्टी, आपल्या भागासाठी मुद्दाम सांगते.

हॅलोपेरिडॉलसारखं इंजेक्शन दिल्यावर कधीकधी पेशंटची मान एका बाजूला वळून आखडते, डोळे वर जातात. नातेवाईक ओरडतात, "पाहा, अंगात आलं!" आणि घरी न्यायला निघतात. हा औषधाचा दुष्परिणाम असतो, त्यावर इंजेक्शन असतं आणि मान थोड्या वेळात सरळ होते. डॉक्टरांना बोलवा आणि नातेवाइकांना तिथेच उभं करून मान सुटताना बघू द्या. पुढच्या वेळी ते भगताकडे जात नाहीत.

दुसरं लिथियम, मनाच्या टोकाच्या चढउतारांच्या (बायपोलर) आजारावरची गोळी. या गोळीचं रक्तातलं प्रमाण फार अरुंद मर्यादेत ठेवावं लागतं, साधारण 0.6 ते 1.2 मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर. आता आपला मे महिना डोळ्यांपुढे आणा. पंचेचाळीस अंश ऊन, दिवसभर शेतात, घाम आणि पाणी कमी. अशा वेळी लिथियम शरीरात साठत जातं. हात जास्त थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, चालताना तोल जातो. घरचे म्हणतात ऊन लागलं. म्हणून सुट्टी देताना फक्त 'पाणी प्या' म्हणून मोकळं होऊ नका. शेतात किती वाजता जाता, पाण्याची कॅन किती लिटरची, बीपीमुळे कोणी मीठ बंद करायला सांगितलं आहे का, हे विचारा. अचानक मीठ तोडलं तरी लिथियम वाढतं.

फवारणीचं औषध पिऊन आलेले पेशंट तुम्हाला नक्की भेटतील. घरचे "चुकून गेलं" म्हणतात, पोलिसांच्या भीतीने. 2017 च्या कायद्यातलं कलम 115 सांगतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जाईल आणि त्याला शिक्षा न करता उपचार दिले जातील. हे त्यांना मराठीत समजावून सांगा. आणि पेशंटला एकांतात सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून बहुतेकांचा श्वास मोकळा होतो.

हाच कायदा सांगतो की पेशंटला साखळीने बांधता येत नाही, भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देता येत नाही, जबरदस्तीने डोकं भादरता येत नाही आणि स्वतःचे कपडे घालायचा हक्क त्याला आहे. हे तोंडपाठ करा. वॉर्डात 'आमच्याकडे असंच असतं' म्हणणारे भेटतील.

प्रबंधाचा विषय आपल्या गावाजवळचा घ्या, पण तीन महिने आधी नैतिकता समितीची मंजुरी आणि ग्रामीण रुग्णालयाची परवानगी मागायला सुरुवात करा. प्रश्नावली मराठीत करून ती पाच बायांना वाचून दाखवा. ज्या प्रश्नावर त्या एकमेकींकडे बघतात तो बदला.

८. स्वतःची काळजी

पहिल्या महिन्यात मला झोप लागत नसे. काकांसारखा आवाज असलेला एक पेशंट होता. मी ते मॅडमना सांगितलं आणि त्यांनी दोन आठवडे माझा वॉर्ड बदलला. तुम्हीही सांगा. सांगितल्याने गुण कापले जात नाहीत. कोणाशी बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोनला पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. हाच क्रमांक पेशंटच्या घरच्यांना सुट्टीच्या कागदावर लिहून द्या, मोठ्या आकड्यांत.

गावात लोक विचारतील, "येड्यांच्या दवाखान्यात काम करतं काय पोरगी?" आई-बाबांना एकदा वॉर्ड दाखवून आणा, परवानगी काढून. माझे बाबा आले, बाकावर बसले आणि एका पेशंटसोबत तुरीच्या भावावर बोलत राहिले. त्यानंतर गावात उत्तर तेच देतात.

९. पदवी हातात आल्यावर

वाढीव पात्रतेची नोंद कौन्सिलकडे लगेच करा. नोकऱ्या चार ठिकाणी बघा: मनोरुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे वॉर्ड, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची पथकं, व्यसनमुक्ती केंद्रं आणि नर्सिंग कॉलेजातलं अध्यापन. जिल्हा पथकातल्या जागा बहुतेक कंत्राटी असतात, पगारही कॉलेजपेक्षा कमी असू शकतो. तरी माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं तिथे काढा. पथक ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयांत जातं आणि आशाताईंशी रोजची ओळख होते. शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांत 2015 मध्ये प्रेरणा प्रकल्प हा शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून अनेक आशाताईंना घरोघरी जाऊन मनाच्या त्रासाबद्दल विचारायची सवय आहे. कोणत्या घरात चूल दोन दिवस पेटली नाही, हे त्यांना तुमच्याआधी माहीत असतं.

बाहेरगावच्या क्लिनिकला निघताना पिशवीत रक्तदाबाचं यंत्र, रेफर चिठ्ठ्यांचं पुस्तक, पाण्याची बाटली आणि पेशंटच्या पुढच्या तारखांची वही ठेवा. जो पेशंट तारखेला आला नाही, त्याच्या गावच्या आशाताईंना त्याच दुपारी फोन करा.